रुग्णालयातील गर्दी आणि संसर्गाचा धोका

मुदत ठेवीवरील व्याज, कर्जाचा हप्ता आणि विम्याचा हप्ता यांचा हिशेब काटेकोरपणे ठेवणारा गृहस्थही एका गोष्टीचा हिशेब सहसा ठेवत नाही. घरातील आजारी माणसाला घेऊन रुग्णालयात गेल्यावर तेथून आपण काय घेऊन परतलो, ही ती गोष्ट होय. औषधांची पिशवी आणि तपासणीचे कागद डोळ्यांना दिसतात. प्रतीक्षागृहात शेजारी बसलेल्या खोकणाऱ्या रुग्णाकडून श्वासावाटे आलेले जंतू मात्र दिसत नाहीत. बरे होण्यासाठी ज्या वास्तूत जावे, तेथूनच नवा आजार घरी यावा, ही विसंगती वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ज्ञात आहे. सर्वसामान्य नागरिकाला मात्र तिची पुरेशी कल्पना नसते. म्हणून या विषयाची तोंडओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

झाशीचे उदाहरण

राणी लक्ष्मीबाईंच्या नावामुळे झाशी प्रत्येक मराठी माणसाच्या हृदयात आहे. नेवाळकरांच्या काळापासून तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आजही त्या नगरीशी आपले नाते सांगतात. राणींचेच नाव धारण करणारे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय १९६८ पासून तेथे कार्यरत असून, त्याचे रुग्णालय हा बुंदेलखंडातील गोरगरिबांचा मोठा आधार आहे. झाशी उत्तर प्रदेशात असली, तरी तिला अनेक बाजूंनी मध्य प्रदेशाने वेढलेले आहे. परिणामी ललितपूर व जालौन या जिल्ह्यांबरोबरच दतिया, निवाडी आणि टीकमगढ येथील रुग्णही उपचारांसाठी झाशीची वाट धरतात.

अशा मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाचे सकाळचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. केसपेपरच्या एकाच रांगेत हात मोडलेला मुलगा, आठव्या महिन्यातील गर्भवती, मधुमेहाचे वृद्ध आणि तीन आठवड्यांपासून खोकणारा मजूर उभे असतात. प्रत्येक रुग्णाबरोबर किमान एक, बहुधा दोन-तीन नातलग असतात. दूरच्या गावाहून आलेली मंडळी व्हरांड्यातच पथारी पसरतात, तेथेच जेवतात आणि रात्री तेथेच झोपतात. बुंदेलखंडातील कडाक्याच्या थंडीत खिडक्या लावून घेतल्या जातात. मग बाहेरची थंडी आत येत नाही, तशी आतली दूषित हवाही बाहेर जात नाही.

या रांगेतील मजुराकडे थोडे अधिक लक्ष दिले पाहिजे. झाशी, ललितपूर आणि महोबा या पट्ट्यात दगडाच्या खाणी व खडी फोडण्याचे कारखाने आहेत. तेथील सिलिकायुक्त धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार जडतो आणि अशा फुप्फुसांना क्षयरोगाची बाधा सहज होते. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. या पार्श्वभूमीवर दीर्घ खोकल्याचा रुग्ण सर्वांसोबत तीन-चार तास एकाच दालनात बसून राहणे ही क्षुल्लक बाब ठरत नाही.

इतिहासाचे दाखले

एकत्र राहणाऱ्या माणसांत रोग किती वेगाने पसरतो, याचा एक भीषण अनुभव याच भूमीने दोनशे वर्षांपूर्वी घेतला. नोव्हेंबर १८१७ मध्ये पेंढारी आणि मराठे यांच्याविरुद्धच्या मोहिमेवर निघालेले लॉर्ड हेस्टिंग्ज याचे सैन्य बुंदेलखंडात सिंध नदीच्या परिसरात तळ देऊन होते. त्या छावणीत पटकीची साथ शिरली आणि काही दिवसांतच हजारो सैनिक, नोकर-चाकर व बाजारबुणगे मृत्युमुखी पडले. अखेर तळ हलवण्यात आला. बेतवा नदीकाठी आजच्या झाशी जिल्ह्यातील एरच येथे उंच, कोरड्या जागी सैन्य पोहोचल्यावर साथ ओसरली. हवापालट झाल्याने सुटका झाली, अशी त्या वेळची समजूत होती. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे लंडनच्या जॉन स्नो यांनी पुढे १८५४ मध्ये दाखवून दिले. कारण ठाऊक नसतानाही दूषित जागा सोडून विरळ वस्ती करण्याचा उपाय मात्र लागू पडला होता.

रुग्णालयातील संसर्गाचा शास्त्रीय हिशेब प्रथम मांडला तो व्हिएन्ना येथील डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी. तेथील मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४६ मध्ये पहिल्या विभागातील मातामृत्यूचे प्रमाण ११.४ टक्के, तर दुसऱ्यातील अवघे २.८ टक्के होते. पहिल्या विभागातील विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत असत, तर दुसऱ्यात केवळ सुईणी काम करीत. १८४७ मध्ये सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. जंतूंचा सिद्धांत सर्वमान्य होण्यापूर्वीच दोन जमाखर्चांच्या तुलनेतून रोगवाहक कोण, हे उघड झाले होते. तो रोगवाहक म्हणजे उपचार करणाऱ्याचाच न धुतलेला हात होता.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर सावित्रीबाई फुले यांचे स्मरण अपरिहार्य आहे. १८९६ मध्ये मुंबईत आलेली प्लेगची साथ पुण्यात पोहोचल्यावर डॉ. यशवंत फुले यांनी पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला. तेथे रुग्णसेवा करीत असताना सावित्रीबाईंना प्लेगचा संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. शुश्रूषा करणाराच सर्वाधिक धोक्यात असतो, हे सत्य या बलिदानाने अधोरेखित केले.

हे सारे जुन्या काळी घडले, असे समजण्याचे कारण नाही. २००१ मध्ये पश्चिम बंगालमधील सिलिगुडी येथे निपाह विषाणूचा उद्रेक झाला. त्यात ६६ जणांना बाधा झाली आणि ४५ जण दगावले. बाधितांपैकी सुमारे तीनचतुर्थांश लोक रुग्ण, कर्मचारी वा भेटीला आलेले नातलग या नात्याने रुग्णालयाच्या संपर्कात आलेले होते. २०१८ मध्ये केरळातील कोझिकोडे येथेही रुग्णालयाच्या आवारातच तो विषाणू अनेकांपर्यंत पोहोचला. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने पुणेकरांनी नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी मोठी गर्दी केली, तेव्हा तपासणीची रांगच संसर्गाचे स्थान होण्याची चिंता निर्माण झाली होती. एप्रिल २०२० मध्ये कोविडकाळात मुंबईतील काही रुग्णालयांत परिचारिका व डॉक्टरच मोठ्या संख्येने बाधित झाल्याने तेथील दैनंदिन सेवा विस्कळीत झाली. रोग पसरवणारी गर्दी आणि रोगाशी लढणारे मनुष्यबळ एकाच छपराखाली असते, हीच या प्रश्नाची खरी गुंतागुंत आहे.

संसर्गाचे तीन मार्ग

रोगजंतू एका व्यक्तीकडून दुसरीकडे मुख्यतः तीन मार्गांनी जातात. मार्ग ओळखला की उपायही आपोआप कळतो.

पहिला मार्ग स्पर्शाचा. हात, दाराच्या मुठी, खाटेचे कठडे, स्ट्रेचर, नळाची तोटी आणि भ्रमणध्वनी ही जंतूंची वाहने होत. जखमेत पू निर्माण करणारे आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे अनेक जिवाणू याच मार्गाने एका खाटेवरून दुसऱ्या खाटेपर्यंत जातात.

दुसरा मार्ग तुषारांचा. खोकताना, शिंकताना व बोलताना तोंडातून बाहेर पडणारे मोठे थेंब साधारण एक ते दोन मीटरच्या आत खाली पडतात. घटसर्प, डांग्या खोकला आणि फ्लू यांचा प्रसार विशेषकरून जवळच्या अंतरात होतो.

तिसरा मार्ग हवेचा, आणि तो सर्वांत फसवा आहे. क्षयरोग व गोवर यांचे जंतू अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने हवेत तरंगत राहतात. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यानंतरही दोन तासांपर्यंत त्याचे विषाणू तेथील हवेत राहू शकतात. त्यामुळे नंतर आलेल्या, त्या रुग्णाला कधीही न पाहिलेल्या बालकालाही गोवर होऊ शकतो. कोविडचा विषाणू जवळच्या तुषारांतून पसरतो, तसाच बंदिस्त खोलीत हवेतूनही पसरतो, हे आता सर्वमान्य झाले आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक आजार सहवासाने पसरत नाही. एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या शेजारी बसल्याने, तिच्याशी हस्तांदोलन केल्याने वा एकाच बाकावर वाट पाहिल्याने संसर्ग होत नाही. कावीळ ‘ब’चा प्रसारही रक्त व शरीरद्रवांतून होतो, शेजारी बसण्याने नव्हे. अनाठायी भीती ही गाफीलपणाइतकीच हानिकारक असते.

हवेचा हिशेब

हवेतून पसरणाऱ्या रोगांबाबत सर्वांत स्वस्त औषध म्हणजे उघडी खिडकी. खोलीतील हवा तासाभरात किती वेळा बदलते, यावरून वायुवीजन मोजतात. हवा तासाला २ वेळाच बदलत असेल, तर हवेतील ९९ टक्के कण निघून जाण्यास सुमारे १३८ मिनिटे लागतात. ती ६ वेळा बदलल्यास ४६ मिनिटे आणि १२ वेळा बदलल्यास केवळ २३ मिनिटे पुरतात. म्हणून संसर्गजन्य रुग्णांच्या कक्षात तासाला किमान १२ वेळा हवा बदलावी, असा दंडक सांगितला जातो.

याबाबत पेरू देशातील लिमा शहरातील रुग्णालयांत झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उद्बोधक आहे. तेथे दारे-खिडक्या उघडल्यावर हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत असल्याचे आढळले. यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत हेच प्रमाण १२ होते. विशेष म्हणजे उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्या इमारतींपेक्षा सरस ठरल्या. आपल्याकडील जुन्या दवाखान्यांची उंच दालने व रुंद व्हरांडे केवळ शोभेसाठी नव्हते, हे यावरून ध्यानात येते. त्याच व्हरांड्यांना काचा लावून खोल्या पाडल्या, की जागा वाढते. हवा मात्र घटते.

प्रश्न केवळ हवेचा नसून दाटीचाही आहे. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून १० अर्भकांचा तत्काळ मृत्यू झाला. १८ खाटांच्या त्या कक्षात त्या वेळी ४९ अर्भके होती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. ती दुर्घटना आगीची होती, संसर्गाची नव्हे. तथापि एका खाटेच्या जागेत दोन-तीन जीव ठेवण्याची वेळ ज्या व्यवस्थेवर येते, तेथे आगीचा धोका वाढतो, तसाच संसर्गाचाही वाढतो. रुग्ण वाढतात, परंतु खाटा, परिचारिका व हात धुण्याची ठिकाणे त्या प्रमाणात वाढत नाहीत. दारात आलेल्या रुग्णाला परत पाठवणेही शक्य नसते. या कोंडीत सापडलेल्या डॉक्टर व परिचारिकांना दोष देणे अन्यायाचे ठरेल.

रुग्णालयांची जबाबदारी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, तीव्र आजारांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी संपन्न देशांत ७ जणांना, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तेथेच किमान एक नवा संसर्ग होतो. हातांची स्वच्छता आणि अन्य साधे प्रतिबंधक उपाय नीट पाळल्यास यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टाळता येतात, असे हाच अहवाल सांगतो.

भारतात हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या नियंत्रणासाठी २०१० मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तयार करण्यात आल्या. शासकीय रुग्णालयांतील स्वच्छता व संसर्गनियंत्रणास प्रोत्साहन देणारी ‘कायाकल्प’ योजना २०१५ मध्ये सुरू झाली. जैववैद्यकीय कचऱ्याबाबतचे १९९८ चे नियम बदलून २०१६ मध्ये नवे नियम लागू झाले. या साऱ्याचे सार थोडक्यात असे सांगता येईल : खोकणाऱ्या रुग्णाला दारातच ओळखावे, त्याला मुखपट्टी द्यावी, स्वतंत्र व हवेशीर जागी बसवावे आणि रांगेत न ताटकळवता आधी तपासून मोकळे करावे.

यातील शेवटचा मुद्दा अनेकांना रुचत नाही. ‘आम्ही आधी आलो, मग याला पुढे का?’ असा वाद रांगेत हमखास उद्भवतो. वास्तविक खोकणारा रुग्ण जितक्या लवकर बाहेर पडेल, तितका रांगेतील इतरांचाच लाभ अधिक. येथे दिलेली सवलत ही एका अर्थी स्वतःच्याच खात्यावर जमा होत असते.

आपण काय करावे?

नागरिकांनी पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्यात :

१. रुग्णासोबत आवश्यक तेवढेच, शक्यतो एकच नातलग जावे. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांना केवळ भेटीसाठी नेऊ नये.

२. स्वतःला खोकला असल्यास मुखपट्टी लावावी आणि नोंदणी करतानाच तसे सांगावे. साधी मुखपट्टी रुग्णाचे तुषार अडवते. क्षयरोगासारख्या आजारात शुश्रूषा करणाऱ्याने मात्र नीट बसणारी एन-९५ मुखपट्टी वापरणे श्रेयस्कर होय.

३. प्रतीक्षागृहात उघड्या खिडकीजवळ वा व्हरांड्यात बसावे. बंद खिडकी दिसल्यास ती उघडण्याची विनंती करावी.

४. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुवावेत. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, तर अल्कोहोलयुक्त द्रावणाने २० ते ३० सेकंद हात चोळावेत. हात दिसण्याजोगे मळलेले असल्यास साबणच वापरावा.

५. रुग्णाच्या खाटेवर बसू नये आणि शेजारच्या रुग्णाची भांडी वा टॉवेल वापरू नये.

६. मुलांचे गोवरासह सर्व लसीकरण वेळेवर पूर्ण करावे. ज्याला लस मिळाली आहे, त्याच्यासाठी प्रतीक्षागृह अधिक सुरक्षित असते.

७. दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ खोकला राहिल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. शासकीय केंद्रांत क्षयरोगाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

८. डॉक्टर वा परिचारिकेस हात धुण्याची नम्रपणे आठवण करून देण्यात संकोच बाळगू नये.

आर्थिक बाजू

रुग्णालयातील संसर्ग कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेवरही आघात करतो. चार दिवसांचा मुक्काम चौदा दिवसांचा झाला, की खाटेचे भाडे, महागडी प्रतिजैविके, सोबतच्या नातलगाची बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च यांची बेरीज वाढत जाते. अनेकदा मुदतपूर्व मोडलेली ठेव किंवा तारण ठेवलेले दागिने हाच त्यावरील उपाय उरतो. आरोग्यविम्याची रक्कम निश्चित करताना अशा लांबलेल्या मुक्कामाचा विचार अवश्य करावा. पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणारी आयुष्मान भारत योजना २०१८ पासून लागू आहे. तिचे कार्ड आजारपणापूर्वीच काढून ठेवणे हिताचे.

क्षयरुग्णांच्या बाबतीत बँक खात्याला विशेष महत्त्व आहे. निक्षय पोषण योजनेखाली उपचारकाळात दरमहा मिळणारे पोषणसाहाय्य थेट रुग्णाच्या बँक खात्यात जमा होते. एप्रिल २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते. नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आले. खाते बंद पडलेले असेल वा आधारशी जोडलेले नसेल, तर ही हक्काची रक्कम अडकून राहते. आपल्या परिचयातील अशा रुग्णाला खाते सुरू करण्यास मदत करणे, हे छोटे परंतु मोलाचे समाजकार्य आहे. पोषण मिळाले की औषध लागू पडते, औषध लागू पडले की रुग्ण उपचार अर्धवट सोडत नाही आणि त्यामुळे संसर्गाची साखळीही तुटते.

वेगळे ठेवणे म्हणजे बहिष्कार नव्हे

शेवटी एक नाजूक बाब. संसर्गजन्य रुग्णाला स्वतंत्र बसवणे हा सर्वांच्या रक्षणाचा उपाय आहे, त्याच्या अपमानाचा नव्हे. क्षयरोगावर परिणामकारक औषधे सुरू झाल्यावर सर्वसाधारणपणे काही आठवड्यांतच रुग्णापासूनचा संसर्ग खूप कमी होतो. त्यानंतरही त्याला घरात वेगळे ताट व समाजात वेगळी वागणूक देणे, हे अज्ञानाचे द्योतक होय. तिरस्काराच्या भीतीने रुग्ण आजार लपवतो, आणि लपवलेला आजार एका वर्षात दहा-पंधरा जणांपर्यंत पोहोचू शकतो. झाशीच्या रांगेत खोकणारा तो खाणकामगार कोणाचा शत्रू नाही. त्याला मुखपट्टी, हवेशीर जागा आणि लवकर तपासणी मिळणे, यातच त्याच्या पुढे-मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाचे हित सामावलेले आहे.

पुढच्या वेळी रुग्णालयात जाताना केसपेपर व विम्याच्या कागदांबरोबर एक मुखपट्टी आणि साबणाची वडीही पिशवीत ठेवावी. अत्यल्प गुंतवणुकीत एवढे संरक्षण देणारी दुसरी योजना क्वचितच सापडेल.